पत्र्याच्या शेडमधले हिवाळी ठिबकणे: नाशिकच्या हवेसाठी अस्तराची पद्धत

डिसेंबर-जानेवारीत पाऊस सोडाच, आकाशात ढगही नसताना सकाळी शेडमधल्या खोक्यांवर, हत्यारांवर आणि खतांच्या गोण्यांवर पाण्याचे थेंब आढळतात. पहिला संशय स्क्रूंवर जातो. फॅब्रिकेटर वर चढतो, स्क्रू आवळतो, दोन-चार ठिकाणी सिलिकॉन भरतो आणि पुढच्या निरभ्र रात्रीनंतर पुन्हा तेच घडते, कारण ते पाणी बाहेरून आलेलेच नसते. शेडमधल्या हवेतले बाष्प गार झालेल्या पत्र्याच्या आतल्या अंगाला लागते आणि तिथेच त्याचे पाणी होते. बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा मळ्यात असणाऱ्या साधारण १० बाय १२ फुटांच्या शेडमध्ये हा त्रास मुळापासून कसा थांबवावा, हे येथे कामाच्या क्रमाने मांडले आहे. या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी ओल, मग हवा आणि सर्वांत शेवटी अस्तर, म्हणजे आतून बसवायचा उष्णतारोधक थर. बहुतेक जण थेट थर्माकोल चिकटवण्यापासून सुरुवात करतात आणि दोन हिवाळ्यांत पत्रा आतून गंजवून घेतात.

हे पाणी तयार कसे होते

हवा जितकी उबदार, तितके जास्त बाष्प तिच्यात मावते. २० अंश सेल्सिअसच्या एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. हवा गार होत जाताना ज्या तापमानाला संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावेनासे होते, त्याला दवबिंदू म्हणतात. शेडमधली हवा १६ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तिचा दवबिंदू साडेअकरा अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच.

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात येथील किमान तापमान अनेकदा एक आकडी होते आणि निफाडकडे ते त्याहूनही खाली जाते. त्यात भर म्हणजे निरभ्र आकाश. रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी जास्त गार होतो. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या टपावर पहाटे दव साचते, ते याच कारणाने. रंगीत कोटिंगचा पत्रा अशी उष्णता साध्या चकचकीत जस्त-अॅल्युमिनियमच्या पत्र्यापेक्षा जास्त वेगाने गमावतो, म्हणून नवा रंगीत पत्रा बसवल्यावर ठिबकणे वाढल्याची तक्रार येते, ती खोटी नसते.

पावसाळ्यातले दुखणे वेगळे आहे. तेव्हा ढगांमुळे पत्रा फारसा गार होत नाही, त्यामुळे ठिबकणे कमी असते. मात्र बाहेरची हवाच दिवसेंदिवस दमट असल्याने आतली प्रत्येक वस्तू ओल धरते. युरिया ३० अंश तापमानाला सुमारे ७३ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढू लागतो. द्राक्षबागेत लागणारे कॅल्शियम नायट्रेट तर ५० टक्क्यांच्याही आधी पाझरायला लागते. अशा खतांचा बचाव अस्तराने होत नाही. त्यांना घट्ट बंद पिशवी किंवा झाकणाचा पिंपच हवा.

आधी निदान

गळती आणि दव यांतला फरक ओळखणे सोपे आहे. पावसानंतर एकाच ठरावीक जागी ओघळ दिसत असेल तर ती गळती समजावी. कोरड्या, थंड रात्रीनंतर संपूर्ण छतभर बारीक थेंब दिसत असतील तर ते दव समजावे. दवाची आणखी एक खूण म्हणजे आत डोकावणारी स्क्रूंची टोके. लोखंडी स्क्रू बाहेरचा गारवा थेट आत आणतो, त्यामुळे पहाटे प्रत्येक टोकाला एकेक थेंब लोंबलेला असतो आणि टोकाभोवती तांबूस गंजाचे कडे तयार झालेले असते. पत्र्यावरून घरंगळणारे थेंब पर्लिनपाशी, म्हणजे छताचा पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पाइपांपाशी, अडून खाली पडतात, म्हणून जमिनीवर ओलीच्या समांतर रेघा उमटतात. वरच्या पर्लिनच्या ओळी आणि खालच्या रेघा जुळल्या की निदान पक्के झाले.

जमिनीतून ओल येते का, हे तपासण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट चौरस तुकडा कोरड्या कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि तो किमान १६ तास तसाच ठेवावा. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी दिसले किंवा कोबा काळपट झालेला दिसला, तर ओल खालून येत आहे. सोबत एक साधा डिजिटल आर्द्रतामापक घेऊन शेडमध्ये टांगावा. तो महाग नसतो आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याचा परिणाम त्यावर आकड्यांत दिसतो.

पहिला टप्पा: ओल तोडणे

नाशिकच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेड थेट अशा मातीवर उभे असेल तर वरची काळी माती काढून मुरूम भरावा, तो पाणी मारून धुमसावा, त्यावर किमान २५० मायक्रॉन, म्हणजे दुकानात ज्याला हजार गेज म्हणतात, असा प्लास्टिक कागद अंथरावा आणि मग ४ इंचांचा कोबा करावा. कागदाचे जोड किमान ६ इंच एकमेकांवर यावेत, टेपने बंद करावेत आणि कागदाच्या कडा भिंतीच्या जोत्यापर्यंत वर घ्याव्यात. बांधकामाचा मजूर कागद फाटला तरी तसाच कोबा ओततो, म्हणून हे काम सुरू असताना मालकाने समोर उभे राहणे बरे.

नवा कोबा स्वतःच महिनोन्‌महिने पाणी सोडत असतो. साधारण ठोकताळा असा की एक इंच जाडीला एक महिना. त्यामुळे ४ इंचांचा कोबा फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाला असेल तर अस्तराचे काम मे महिन्याच्या अखेरीस करावे. घाई केली तर तेच पाणी अस्तरामागे अडकते.

जुना कोबा मोडायचा नसेल, तर त्यावर कागद अंथरून वर रबरी चटई किंवा फरशी बसवता येते. शेडभोवती किमान फूटभर रुंदीची उताराची पट्टी करावी आणि छताचे पाणी पन्हळीतून दूर सोडावे. पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडत असतील, तर बाकी सगळे काम जवळपास व्यर्थ जाते.

आतल्या ओलीचाही विचार करावा. ओले बारदान, धुतलेला फवारणी पंप, भिजलेली ताडपत्री या वस्तू बाहेर वाळवूनच आत ठेवाव्यात. थंडीत शेड उबदार करण्यासाठी गॅसची शेगडी लावणारेही आहेत. एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलोहून थोडे अधिक पाणी बाष्परूपाने तयार होते आणि ते सगळे रात्री पत्र्यावर जाते. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच. शेडमध्ये शेगडी नको.

दुसरा टप्पा: पत्र्याची डागडुजी

अस्तर लागल्यावर पत्र्याची आतली बाजू दिसेनाशी होते, म्हणून डागडुजी आधीच उरकावी. स्क्रूंचे कडक झालेले, तडकलेले वॉशर बदलून ईपीडीएम रबराचे वॉशर असलेले नवे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बसवावेत. सांध्यांना सिलिकॉन भरताना न्यूट्रल क्युअर प्रकारचेच मागावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि ते जस्ताच्या थराला खाते. गंजलेला भाग तारेच्या ब्रशने घासून झिंकयुक्त प्रायमर लावावा. पांढरी भुकटी दिसत असेल तर तीही घासून काढावी. जस्ताचा थर ओलीमुळे झिजू लागल्याची ती खूण आहे.

तिसरा टप्पा: हवा खेळती ठेवणे

हिवाळ्यातली नाशिकची बाहेरची हवा एकूण बाष्पाच्या मानाने कोरडी असते, त्यामुळे ती आत फिरू दिल्यास आतली ओल बाहेर निघून जाते. समोरासमोरच्या दोन भिंतींवर, एकीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि दुसरीवर छताजवळ, झडपा ठेवाव्यात. एकूण उघडे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतके असावे. १२० चौरस फुटांच्या शेडसाठी ते सुमारे ११५ चौरस इंच होते. जाळी आणि पट्ट्या बसवल्यावर प्रत्यक्ष मोकळी जागा जवळपास निम्मी राहते, म्हणून चौकट दुप्पट आकाराची घ्यावी. पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या झडपेला खाली झुकलेल्या पट्ट्या हव्यातच. त्र्यंबक किंवा इगतपुरीकडे शेड असेल तर पश्चिमेला झडप न ठेवणेच इष्ट.

झडपा बंद करता येतील अशा असाव्यात. सलग झडीच्या दिवसांत बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते. अशा वेळी त्या बंद ठेवून उघडीप मिळेल त्या दुपारी उघडाव्यात. टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे छतावर बसवायचा फिरता पंखा, उन्हाळ्यात उपयोगी पडतो, परंतु तो वाऱ्यावर चालतो आणि दव पडणाऱ्या रात्री वारा जवळजवळ नसतोच. त्यामुळे केवळ टर्बो बसवून ठिबकणे थांबेल, या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. आकाशाकडे उष्णता गमावणारा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा गार होत असल्याने अस्तराची गरज उरतेच.

चौथा टप्पा: अस्तराचा माल निवडणे

दव रोखायला फार जाडी लागत नाही. वर घेतलेल्या उदाहरणातच बाहेरचा पत्रा ८ अंशांवर आहे असे धरले, तर २५ मिलिमीटर थर्माकोलच्या आतल्या पृष्ठभागाचे तापमान १४ अंशांच्या पुढे राहते, म्हणजे साडेअकराच्या दवबिंदूहून बरेच वर. एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या उन्हात शेडमध्ये काम करायचे असेल, तर मात्र छताला ५० मिलिमीटर घ्यावे. माझ्या मते छताला ५० आणि भिंतींना २५ मिलिमीटर ही विभागणी खर्चाच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाची आहे.

थर्माकोल घेताना पॅकिंगचा हलका माल टाळून उष्णतारोधनासाठीचा, आयएस ४६७१ मानकाचा आणि आगीला लवकर न पेटणारा प्रकार मागावा. त्याहून दाट असलेला एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचा) बोर्ड पाणी कमी शोषतो आणि दाबाला टिकतो, म्हणून परवडत असेल तर तोच घ्यावा. ग्लासवूल स्वस्त पडते आणि आगीत पेटत नाही, पण ओले झाले की त्याचा गुण जातो आणि ते लोंबू लागते. दव हीच जिथे मूळ तक्रार आहे, तिथे ते वापरायला माझे मन धजावत नाही. फवारून बसणारा पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फेस, पत्र्याच्या प्रत्येक खाचेत घट्ट बसतो आणि पत्र्यापर्यंत हवाच पोहोचू देत नाही. तो उत्तम आहे, मात्र त्यासाठी यंत्र आणि जाणकार माणसे लागतात आणि पुढे एखादा पत्रा बदलायचा झाला तर पंचाईत होते. चंदेरी बबल शीटबद्दल गैरसमज फार आहेत. तिची जाडी नगण्य असते. ती समोरची उष्णता परावर्तित करते आणि त्यासाठी तिच्यापुढे मोकळी हवेची फट लागते. पत्र्याला चिकटवलेली किंवा धुळीने माखलेली बबल शीट फारसे काही करत नाही.

१० बाय १२ फुटांच्या आणि ७ फूट उंचीच्या शेडसाठी दार वगळून भिंतींचे सुमारे २९० आणि उतारासह छताचे सुमारे १३० चौरस फूट होतात. एक मीटर बाय अर्धा मीटर आकाराचा बोर्ड सुमारे ५.४ चौरस फूट भरतो, म्हणजे तुटफूट धरून छताला २७ आणि भिंतींना ६० बोर्ड लागतील.

पाचवा टप्पा: छताचे काम

खाचांच्या पत्र्याला सपाट बोर्ड थेट चिकटवला की प्रत्येक खाचेत हवेची नळी तयार होते. आतली दमट हवा बोर्डांच्या सांध्यांतून त्या नळीत शिरते, पत्र्याला लागून तिचे पाणी होते आणि ते पाणी बोर्डामागे कोणाच्या नजरेस न पडता साचत राहते. बाहेरून शेड कोरडे दिसते आणि पत्रा आतून कुजतो. म्हणून बोर्ड पत्र्याला न चिकटवता पर्लिनच्या खालच्या अंगाला बसवावेत. यामुळे पर्लिनच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते, पर्लिन स्वतः गार भागात राहतात आणि पत्र्याच्या उंच खाचांमधून हवा खालच्या कडेकडून रिजकडे, म्हणजे छताच्या माथ्याकडे, जाऊ शकते. छताच्या कडेच्या त्या खाचा फोमने बुजवायच्या नाहीत. फक्त बारीक जाळी लावावी, म्हणजे चिमण्या आणि गांधीलमाश्या शिरणार नाहीत.

या फटीतल्या बाहेरच्या हवेचे दव पत्र्याला थोडे धरणारच. ते बोर्डावर पडून उताराने बाहेर जावे, यासाठी बोर्डाची वरची बाजू अॅल्युमिनियम फॉइलची घ्यावी, वरच्या बोर्डाचा सांधा खालच्यावर येईल असे फॉइल टेपने जोडावे आणि सर्वांत खालची कड भिंतीच्या पुढे पन्हळीपर्यंत न्यावी. तीच फॉइल उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याची धग परत फेकते.

काम खालून वर करावे आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत. ५० मिलिमीटर बोर्डासाठी ७५ मिलिमीटरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू रुंद वॉशरसह पर्लिनमध्ये पक्के करावेत. बोर्डांमधल्या आणि भिंतीलगतच्या फटी पीयू (पॉलियुरेथेन) फोमने भराव्यात, फोम वाळल्यावर जादा भाग कापून सर्व सांध्यांवर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर आतून फॉइल टेप लावावी. आतली दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचू न देणे हे या टेपचे काम आहे आणि अस्तराचे अर्धे यश तिच्यावर अवलंबून आहे. टेप लावण्यापूर्वी धूळ पुसावी. धुळीवर लावलेली टेप पहिल्या उन्हाळ्यातच सुटते.

डिंकाबाबत एक सूचना. प्लायवूडसाठी वापरतात तो द्रावकयुक्त रबरी डिंक थर्माकोल विरघळवतो. जिथे चिकटवणे भागच असेल तिथे पीयू फोम किंवा थर्माकोलसाठीच असलेला डिंक वापरावा. काम मार्च ते मे या काळात करावे, कारण तेव्हा शेड पूर्ण कोरडे असते. मात्र सकाळी दहानंतर पत्र्याखाली उभे राहवत नाही, याची तयारी ठेवावी.

सहावा टप्पा: भिंती, दार आणि वायरिंग

भिंतींची रीत तीच आहे. आडव्या पाइपांच्या आतल्या अंगाला बोर्ड लावावेत, मागे फट राहू द्यावी आणि त्या फटीतले पाणी खाली निघून जाईल अशी तळाशी १० मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. ही जागा सिमेंटने भरून टाकण्याची गवंड्यांना फार हौस असते. तिथे ६ मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. उंदीर थर्माकोलमध्ये आनंदाने बिळे करतात, म्हणून ही जाळी ऐच्छिक समजू नये. लाकडी पट्ट्या वापरल्यास त्यांना वाळवीविरोधी औषध लावून त्या जमिनीला टेकू देऊ नयेत.

थर्माकोल आणि पफ दोन्ही पेटतात आणि विषारी धूर सोडतात. म्हणून ते उघडे ठेवू नयेत. ६ मिलिमीटरच्या फायबर सिमेंट बोर्डाने झाकणे सर्वांत चांगले. पीव्हीसी पॅनेल दिसायला सुबक, पण आगीच्या दृष्टीने कमजोर आहेत. अस्तर लागल्यानंतर त्या शेडमध्ये वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करू नये. पीव्हीसीची वायर थर्माकोलला थेट चिकटून राहिली तर तिच्यातले मऊपणा देणारे द्रव्य थर्माकोल ओढून घेतो, वेष्टन कडक होऊन तडकते. सर्व वायरिंग पाइपातूनच न्यावे.

दाराला आतून २५ मिलिमीटर बोर्ड आणि चौकटीला रबरी पट्टी लावावी. रॅक भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवावेत आणि गोण्या पॅलेटवर रचाव्यात. गंधकाची भुकटी ओलीच्या संगतीत लोखंड झपाट्याने गंजवते, म्हणून ती बंद डब्यात आणि हत्यारांपासून दूर असावी.

खर्च झेपत नसेल तर

अस्तराचे काम पुढच्या वर्षावर टाकायचे असेल, तर छतावर फूटभर उंचीवर ५० टक्क्यांचे शेडनेट ताणावे. नाशिकमध्ये ते सहज मिळते. नेट दिवसा ऊन अडवते आणि रात्री पत्रा व आकाश यांच्यामध्ये येऊन पत्र्याचे गार होणे कमी करते. ठिबकणे पूर्ण थांबत नाही, पण लक्षणीय घटते. याउलट छतावर पांढरा उष्णतारोधक रंग लावल्याने उन्हाळा सुसह्य होतो, तरी हिवाळ्यातल्या दवावर त्याचा उपाय म्हणून उपयोग नाही, कारण हा रंग रात्री उष्णता सोडण्यात पटाईत असतो.

पहिल्या हिवाळ्यातली तपासणी

भिंतीतला एक सिमेंट बोर्ड आणि त्यामागचा थर्माकोल मुद्दाम उघडता येतील असे स्क्रूवर ठेवावेत. जानेवारीतल्या एखाद्या कडक थंडीच्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, ते काढून मागे पाहावे. पत्र्यावर थोडे दव असणे ठीक आहे. थर्माकोलची आतली बाजू ओली असेल तर टेप कुठेतरी सुटली आहे असे समजावे. तळाशी पाणी साचले असेल तर खालची वाट बुजली आहे. दुपारी दोनपर्यंत पत्रा कोरडा झाला नसेल, तर वरच्या खाचांमधली जाळी धुळीने भरली आहे का, हे आधी पाहावे. पिंपळगाव, ओझरकडे द्राक्षछाटणीनंतरच्या धुळीने ती हमखास भरते आणि ब्लोअरचा एक झोत मारला की मोकळी होते.